कोरी जागा आणि वाचणारे यंत्र

कुंभकोणमच्या ईशान्येस, कावेरी आणि कोळ्ळिडम या दोन प्रवाहांमधील सुपीक पट्ट्यात तिरुप्पनंदाळ नावाचे गाव आहे. गावाच्या नावातच ताड आहे. तमिळ भाषेत ताडाला 'पनै' म्हणतात, आणि येथील अरुणजटेश्वराच्या मंदिराचा स्थलवृक्षही ताडच मानला जातो. शैव संतकवी ज्ञानसंबंधर यांनी या स्थानावर पद्यरचना केली. पुढे, कुमरगुरुपरर यांनी सतराव्या शतकात काशी येथे स्थापन केलेल्या मठाची परंपरा या गावी येऊन स्थिरावली. म्हणूनच कावेरीकाठचा हा मठ आजही 'काशी मठ' या नावाने ओळखला जातो. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय संगणकाच्या वाचनाचा आहे. त्याचा आरंभ तिरुप्पनंदाळपासून करण्याचे कारण हा ताड होय, कारण ताडाचे पान हाच कित्येक शतके या प्रदेशाचा कागद होता.

पान वाळवून, कापून, एका मापाचे केले जाई. त्यावर लोखंडी लेखणीने अक्षरे कोरावयाची आणि मागाहून काजळी चोळून ती उठावदार करावयाची, अशी पद्धत होती. या पोथ्यांत शब्दाशब्दांमध्ये कोरी जागा सोडण्याचा प्रघात नव्हता. एक शब्द संपतो न संपतो तोच दुसरा त्याला येऊन भिडे. पानाची कड आली की शब्दाच्या मधोमधही ओळ तुटे. व्यंजनावर द्यावयाचा ठिपका, ज्याला तमिळमध्ये 'पुळ्ळि' म्हणतात, तोही बहुधा गाळला जाई, कारण लेखणीचे टोक एका जागी दाबले तर पान फाटण्याची भीती असे. जागा मोलाची, पान नाजूक आणि वाचणारा जाणकार, या तिन्ही गोष्टी गृहीत धरूनच ही लेखनपद्धती उभी होती.

जाणकार वाचक दुर्मिळ झाला की काय होते, ते कुंभकोणमनेच पाहिले. उ. वे. सामिनाथ अय्यर (१८५५–१९४२) हे १८८० साली तेथील सरकारी महाविद्यालयात तमिळचे अध्यापक झाले. त्याच वर्षी त्या गावी मुन्सफ असलेल्या सेलम रामस्वामी मुदलियार यांनी 'जीवकचिंतामणि' या जैन महाकाव्याकडे त्यांचे लक्ष वेधले, आणि १८८७ साली अय्यरांनी संपादित केलेले ते काव्य छापून प्रसिद्ध झाले. अशा संपादनात पाठभेदांचा निर्णय जितका कठीण, तितकाच एक शब्द कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो याचा निर्णयही कठीण असतो. छापखान्यात कोरी जागा सोडणे हे खिळे जुळविणाऱ्याचे काम खरे, परंतु ती कोठे सोडावी हे सांगणाऱ्याला काव्याचा अर्थ लागलेला असावा लागतो.

शिवाय कोरी जागा कशाची सीमा दाखविते, हाही प्रश्न आहेच. तमिळ पद्याचा लयीचा घटक 'सीर' होय. जुन्या छापील आवृत्त्यांत सीर संपला की जागा सोडलेली असते. त्यामुळे एखाद्या शब्दाचे दोन तुकडे दोन सीरांत विभागले जातात आणि एका शब्दाचा शेवट दुसऱ्याच्या आरंभाला चिकटतो. सामान्य वाचकांसाठी काढलेल्या पुढील काळातील आवृत्त्यांत मात्र संधी सोडवून शब्दांनुसार जागा सोडलेल्या दिसतात. कविता तीच, अक्षरे बहुतांशी तीच, पण कोऱ्या जागा निराळ्या. पहिल्या पुस्तकात त्या गाणाऱ्याच्या सोयीच्या आहेत, दुसऱ्यात अर्थ लावणाऱ्याच्या.

मराठी वाचकाला हा अनुभव परका नाही. कुंभकोणमहून जवळच असलेल्या तंजावर येथे व्यंकोजी राजांपासून १८५५ पर्यंत भोसले घराण्याची गादी होती. दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या आश्रयाने भरभराटीस आलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात तमिळ ताडपत्रांच्या शेजारीच मराठी मोडी कागदपत्रांचे गठ्ठे आहेत. मोडी लिहिणारा आधी ओळभर आडवी रेघ ओढतो आणि मग लेखणी शक्य तितकी न उचलता तिच्याखाली अक्षरे लटकवीत जातो. शब्द तोडून लिहिण्याची पद्धत नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. 'पाचशेरतांदूळ' अशी अक्षरे सलग आली, तर वाचणाऱ्याने ती 'पाच शेर तांदूळ' अशीच वाचली पाहिजेत. घाईने 'पाचशे' तोडून घेतले, तर हातात 'रतांदूळ' असा निरर्थक अवशेष उरतो आणि पाचाचे पाचशे होतात. कारकुनाची चूक होत नसे, कारण तांदूळ, कोठार आणि रोजचा खर्च या गोष्टी त्याला ठाऊक असत.

संगणकाला तांदूळ ठाऊक नसतो. त्याच्यापुढे येतात ते निव्वळ अंक. कळफलकावरची प्रत्येक कळ दाबली की एक संख्या आत जाते. रोमन लिपीतील मोठ्या 'ए' या अक्षराला ६५ हा क्रमांक आहे, आणि रुंद कळ दाबून सोडलेल्या कोऱ्या जागेला ३२ हा क्रमांक आहे. माणसाच्या दृष्टीने कोरी जागा म्हणजे काही नसणे. यंत्राच्या दृष्टीने ३२ ही संख्या ६५ इतकीच भरीव आहे, आणि स्मृतीत तितकीच जागा अडविते. या कुळात आणखी पाच चिन्हे मोडतात. टॅबचा क्रमांक ९, नव्या ओळीचा १०, उभ्या टॅबचा ११, नव्या पानाचा १२ आणि ओळीच्या आरंभाकडे परतण्याचा १३. या सहांपैकी एकही कागदावर दिसत नाही. येथे त्यांना 'रिक्त चिन्हे' म्हणू.

दहा आणि तेरा ही दोन वेगळी चिन्हे का, असे कोणी विचारील. दूरमुद्रकाच्या काळात कागद एक ओळ वर सरकविणे ही एक क्रिया होती आणि मुद्रणाचा गाडा डावीकडे परत नेणे ही दुसरी. ती यंत्रे केव्हाच अडगळीत गेली. तथापि युनिक्स प्रणालीने ओळीच्या शेवटी केवळ १० ठेवला, आणि विंडोजने १३ व १० ही जोडी कायम राखली. त्यामुळे एका यंत्रावर लिहिलेली यादी दुसऱ्यावर वाचताना प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य तेरा चिकटून येतो, आणि दोन नावे डोळ्यांना अगदी सारखी दिसत असूनही यंत्र ती निराळी ठरविते.

सी ही भाषा १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडविली. ब्रायन कर्निघन यांच्यासह त्यांनी लिहिलेले तिचे पुस्तक १९७८ साली निघाले, आणि तिचे अमेरिकन प्रमाण रूप १९८९ साली निश्चित झाले. या भाषेची आदानाविषयीची कल्पना ताडपत्राशी आश्चर्यकारक रीतीने जुळते. बाहेरून येणारा मजकूर म्हणजे तिच्या लेखी एकामागून एक येणाऱ्या चिन्हांचा अखंड प्रवाह. त्यात पाने नाहीत, रकाने नाहीत, आणि खऱ्या अर्थाने ओळीही नाहीत. नवी ओळ म्हणजे प्रवाहात वाहत आलेला दहा क्रमांक, इतकेच. कर्निघन आणि रिची यांच्या पुस्तकात आरंभीच शब्द मोजण्याची एक छोटी आज्ञावली येते. तीत शब्दाची व्याख्या अशी आहे, की ज्या चिन्हसमूहात कोरी जागा, टॅब किंवा नवी ओळ नाही तो शब्द. व्याकरणकाराला ही व्याख्या मान्य होणार नाही, पण यंत्राला चालविण्यास ती पुरेशी आहे.

हे सगळेच शास्त्रकारांना आरंभापासून सुचले होते असे मात्र नाही. १९५७ साली आलेल्या फोरट्रान भाषेत, आणि पुढेही अनेक वर्षे, आज्ञांमधील कोऱ्या जागा यंत्र सरसकट दुर्लक्षित करीत असे. लेखकाने शब्द तोडून लिहिले काय किंवा मोडीसारखे सलग लिहिले काय, अर्थ एकच. याउलट आकडे वाचताना १९६६ च्या प्रमाण फोरट्रानमध्ये रकान्यातील कोरी जागा म्हणजे शून्य, असा नियम होता. छिद्रित कार्डाच्या दोन स्तंभांच्या रकान्यात पाचाचा आकडा एक घर डावीकडे सरकला, की त्याचे पन्नास होत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक बसला. त्या काळात कार्डे भोसकणाऱ्या पिढीला स्तंभ मोजण्याची जी सवय जडली होती, तिचे मूळ असल्या नियमांत आहे. सी भाषेने रकान्यांची ही जबरदस्ती काढून टाकली आणि तिच्या जागी निवडीचे स्वातंत्र्य दिले. त्या स्वातंत्र्यातच नवशिक्याची अडचण दडलेली आहे.

सी भाषेत वाचनासाठी एकच फंक्शन नाही. अनेक आहेत, आणि रिक्त चिन्हांशी प्रत्येकाचे वागणे निराळे आहे. 'गेटचार' हे सर्वांत प्रामाणिक. प्रवाहातील पुढचे चिन्ह, मग ते कोणतेही असो, उचलून ते हातात देते. कोरी जागा असेल तर कोरी जागा, नवी ओळ असेल तर नवी ओळ. 'एफगेट्स' पूर्ण ओळ आणते. मधल्या कोऱ्या जागा तशाच ठेवते, आणि ओळीच्या शेवटचा दहा क्रमांकही सोबत आणते. तो काढून टाकण्याचे काम आज्ञावली लिहिणाऱ्याचे. 'स्कॅनएफ' मात्र साचा घेऊन येते. मजकुरात अमुक क्रमाने संख्या, शब्द, अक्षर येतील असे तिला आधी सांगावयाचे, आणि मग तिने प्रवाहातून तशा वस्तू वेचून द्यावयाच्या. बहुतेक शिक्षक विद्यार्थ्यांना आरंभी हीच शिकवितात. वस्तुतः या तिघांत तीच सर्वांत अवघड आहे.

एखाद्या ग्रंथालयात पोथ्यांची यादी यंत्रावर चढवावयाची आहे, असे समजा. प्रत्येक ओळीत पोथीचा क्रमांक, नाव आणि पानांची संख्या आहे. आकडे आंतरराष्ट्रीय अंकांत टंकलेले आहेत असे धरू, कारण 'स्कॅनएफ' ची प्रमाण संख्यावाचक खूण देवनागरी अंक ओळखत नाही. ओळ अशी:

१७ शिव पुराण ४२

आज्ञावलीत साचा दिला आहे: संख्या, शब्द, संख्या. सी भाषेत संख्येसाठी टक्का-डी आणि शब्दासाठी टक्का-एस अशा खुणा असतात. टक्का-डी आपल्या आधीची सर्व रिक्त चिन्हे ओलांडते, सतरा वाचते, आणि आकडा नसलेले पहिले चिन्ह भेटताच थांबते. ते चिन्ह ती प्रवाहात परत ठेवते. टक्का-एस मधली जागा ओलांडते, 'शिव' उचलते आणि पुढची कोरी जागा दिसताच थांबते. तिच्या लेखी नाव संपले. आता तिसऱ्या खुणेला संख्या हवी आहे आणि समोर उभे आहे 'पुराण'. वाचन तेथेच अडते. फंक्शन 'दोन' असे उत्तर देते, म्हणजे तीनपैकी दोन वस्तू मिळाल्या. हे उत्तर तपासणे आज्ञावलीवर बंधनकारक नसल्याने ते बहुधा कोणी तपासत नाही. 'पुराण' प्रवाहातच पडून राहते. पुढच्या फेरीत पहिल्या खुणेला पुन्हा संख्या हवी असते, समोर पुन्हा 'पुराण' असते, आणि यंत्र एकाच जागी अनंत काळ फिरत राहते. चूक अशी उघड झाली तर ती भाग्याची. यादीत केवळ नावेच असतील, तर 'शिव' ही एक पोथी आणि 'पुराण' ही दुसरी, अशी नोंद शांतपणे होऊन जाते. माणसांच्या नावांचे असेच होते. 'सरफोजी राजे भोसले' यांची तीन माणसे होतात, आणि उ. वे. सामिनाथ अय्यर यांच्या नावाच्या रकान्यात फक्त 'उ.' उरतो.

याहून अधिक छळणारी एक बाब आहे, आणि सी शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची तिच्याशी पहिल्याच महिन्यात गाठ पडते. आज्ञावली आधी संख्या विचारते आणि नंतर एक अक्षर, उदाहरणार्थ 'पुढे जावयाचे का' याचे होय-नाही उत्तर. वापरणारा सतरा टंकतो आणि एंटर कळ दाबतो. संख्या वाचली जाते. पण एंटर दाबल्याने आलेला दहा क्रमांक कोणी उचललेला नसतो. तो दाराशी उभाच असतो. अक्षराची खूण, टक्का-सी, इतर खुणांप्रमाणे रिक्त चिन्हे ओलांडीत नाही. तिचे कामच मुळी कोणतेही एक चिन्ह आणण्याचे असल्याने ते योग्यही आहे. ती तो दहा क्रमांक उचलते आणि काम झाले असे कळविते. माणसाला उत्तर देण्याची संधीच मिळत नाही. प्रश्न पडद्यावर चमकून जातो आणि यंत्र पुढे धावते. संख्येनंतर 'एफगेट्स' ने ओळ मागितली तर तेच घडते. ओळ रिकामी येते, कारण मागच्या ओळीचे शेपूट तेवढे शिल्लक होते.

उपाय अगदी लहान आहे. साच्यात टक्का-सीच्या आधी एक कोरी जागा सोडावयाची. 'स्कॅनएफ' च्या साच्यातील कोऱ्या जागेचा अर्थ एक कोरी जागा असा होत नाही. वाटेत जितकी रिक्त चिन्हे असतील, शून्य, एक वा शंभर, जागा असोत, टॅब असोत वा नव्या ओळी, तितकी सर्व ओलांडा, असा तिचा आदेश होतो. म्हणूनच तीच जागा साच्याच्या शेवटी सोडली तर उलटा परिणाम होतो. संख्या वाचल्यावर यंत्र रिक्त चिन्हे ओलांडू लागते आणि ती संपली हे कळण्यासाठी काहीतरी भरीव चिन्ह येण्याची वाट पाहत बसते. वापरणारा एंटर दाबत राहतो आणि प्रत्येक एंटर हेही एक रिक्त चिन्हच असल्यामुळे ते गिळले जाते. साच्यातील एक न दिसणारी जागा अशी दोन टोकांचे वर्तन घडविते. सीच्या रचनाकारांनी या चिन्हाला इतके मोठे काम देऊन वाचकाच्या डोळ्यांवर अन्याय केला, असे म्हणावे लागते.

नावे तुटू नयेत म्हणून सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे आधी संपूर्ण ओळ 'एफगेट्स' ने आणावी आणि मग तिचे तुकडे स्वतः पाडावेत. मोडीचा जाणकारही आधी ओळ डोळ्यांखालून घालतो आणि मगच शब्द तोडतो, त्यातलाच हा प्रकार. ओळ हाती असली म्हणजे पहिली संख्या डावीकडून काढता येते, शेवटची उजवीकडून, आणि मधले जे उरेल ते नाव, मग त्यात कितीही जागा असोत. 'एफगेट्स' चे एक जुने भावंड होते, 'गेट्स'. तेही ओळ आणी, पण ती ठेवण्यासाठी किती जागा आहे हे विचारीत नसे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर पसरलेल्या उपद्रवी आज्ञावलीने ज्या वाटांनी यंत्रांत शिरकाव केला, त्यांपैकी एक वाट या 'गेट्स' ची होती. ५१२ चिन्हांच्या जागेत तिने त्याहून लांब ओळ कोंबली. २०११ च्या प्रमाण सीमधून हे फंक्शन काढून टाकण्यात आले.

तुकडे पाडण्याच्या कामातही कोरी जागा फसवितेच. समजा, रकाने टॅबने वेगळे केले आहेत आणि एका पोथीच्या लेखकाचे नाव अज्ञात असल्याने तो रकाना रिकामा ठेवला आहे. कागदावर तेथे दोन टॅब पाठोपाठ येतात. त्या दोहोंमधील पोकळी ही खरी माहिती आहे. लेखक ठाऊक नाही, असे ती सांगते. परंतु 'स्कॅनएफ' दोन्ही टॅब एकदम ओलांडते. तुकडे पाडण्यासाठी असलेले 'स्ट्रटोक' हे फंक्शनही लागोपाठची विभाजकचिन्हे एकच मानते. परिणामी पुढचा रकाना एक घर डावीकडे सरकतो आणि पोथी ज्या गावी सापडली त्या गावाचे नाव लेखकाच्या जागी जाऊन बसते. जुन्या पोथ्यांचे संपादक वाळवीने खाल्लेल्या अक्षरांच्या जागी ठिपके छापतात, ते याच कारणासाठी. गळालेला मजकूर गळाला आहे हे दिसले पाहिजे. यादी करणाऱ्यानेही रिकाम्या रकान्यात एखादी आडवी रेघ टंकावी, म्हणजे निदान यंत्राला अडखळायला काहीतरी मिळते.

आता भारतीय लिप्यांचा प्रश्न. सीचा जन्म झाला तेव्हा एक अक्षर म्हणजे एक बाइट, असा हिशेब होता. आज देवनागरी आणि तमिळ मजकूर बहुधा युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीने साठविला जातो. ही पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली आखली. तीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट. वीस बाइटांच्या जागेत वाचन करताना शेवटची खूण वगळून एकोणीस उरतात. म्हणजे सहा चिन्हे पूर्ण आणि सातव्याचा एक तृतीयांश. नाव असे अक्षराच्या पोटातच कापले जाते, आणि पडद्यावर त्या जागी काळा चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटते.

यूटीएफ-८ मध्ये एक उत्तम व्यवस्था आहे. अनेक बाइटांच्या चिन्हातील प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असतो. त्यामुळे ९ ते १३ आणि ३२ हे रिक्त क्रमांक कोणत्याही देवनागरी अक्षराच्या आत कधीच येत नाहीत. सी आज्ञावली सुरू होताना जो मूळ प्रादेशिक संकेत चालू असतो, त्यात रिक्त चिन्हे ही सहाच असल्याने तेथे धोका नाही. धोका येतो तो आज्ञावलीने दुसरा संकेत स्वीकारल्यावर. पश्चिम युरोपीय भाषांसाठी केलेल्या लॅटिन संकेतात १६० हा क्रमांक न तुटणाऱ्या कोऱ्या जागेचा आहे, आणि १३३ हा पुढील ओळीचा. काही संगणकप्रणालींत एखादे चिन्ह रिक्त आहे का हे सांगणारे 'इजस्पेस' हे फंक्शन या दोन्ही क्रमांकांना 'होय' असे उत्तर देते. आणि यूटीएफ-८ मध्ये ठ या अक्षराचे तीन बाइट आहेत २२४, १६४ आणि १६०. अ या अक्षराचे आहेत २२४, १६४ आणि १३३.

म्हणजे अशा यंत्रावर 'मराठी' हा शब्द वाचताना ठ च्या तिसऱ्या बाइटपाशी यंत्राला कोरी जागा भेटते. हाती येते 'मरा' आणि त्यामागे दोन अनाथ बाइट. दीर्घ वेलांटी एकटीच पुढचा शब्द म्हणून येते. 'पाठ', 'कंठ', 'विठ्ठल' यांची गत तीच. तमिळ लिपीतील ठ निराळा नसल्याने तिला हा उपद्रव नाही, पण तिच्या अ चे बाइट २२४, १७४ आणि १३३ आहेत, म्हणून अ पाशी तीही तुटते. भारतीय मानक संस्थेच्या १९९१ च्या एकबाइटी संकेतात मुळाक्षरांचा आरंभ १६१ पासून केलेला होता आणि १६० रिकामा सोडला होता. त्यामुळे त्या जुन्या संकेतात निदान १६० चा हा घोटाळा होऊ शकत नव्हता.

याच्याशी जोडलेला एक बारकावा आहे. 'इजस्पेस' ला द्यावयाची संख्या शून्यापेक्षा लहान असता कामा नये. अपवाद केवळ मजकूर संपल्याच्या खुणेचा. पण अनेक यंत्रांवर सीचा अक्षरप्रकार उणे संख्याही धरतो, आणि तेथे २२४ ची उणे ३२ होते. ती तशीच फंक्शनला दिली तर काय उत्तर यावे, हे भाषेने ठरविलेलेच नाही. रोमन मजकुरावर वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेली आज्ञावली पहिले मराठी नाव समोर येताच कोसळते, त्यामागे पुष्कळदा हे कारण असते. संख्या आधी उण्याविना असलेल्या अक्षरप्रकारात बदलून घेतली की प्रश्न मिटतो.

तिरुप्पनंदाळची दोन नावे घेऊन हे सारे ताडून पाहता येते. 'काशी मठ' हे नाव देवनागरीत टंकून टक्का-एसने वाचले, तर मधल्या बत्तीस क्रमांकापाशी ते तुटते आणि 'काशी' तेवढे हाती येते. हा भाषेचा ठरलेला नियम आहे. लॅटिन संकेताच्या छायेत असलेल्या यंत्रावर दुसरा शब्दही ठ च्या पोटात तुटतो, आणि 'मठ' चा 'म' उरतो. 'अरुणजटेश्वर' हे नाव तर देवनागरीत लिहा वा तमिळमध्ये, पहिल्याच अक्षरात तुटते. दोन्ही नावे 'एफगेट्स' ने ओळ म्हणून आणली, कोणते चिन्ह विभाजक मानावयाचे हे आज्ञावलीतच नऊ, दहा, तेरा आणि बत्तीस असे आकड्यांनी लिहून ठेवले आणि 'इजस्पेस' ला विचारलेच नाही, तर ती यंत्रातून जशी गेली तशीच बाहेर येतात.